जास्पर मॉरिसनच्या खुर्च्यांत नेमकं बघायचं काय? प्रेझेंटेशन आहे, मदत करा

कोरी_वही

नमस्कार मंडळी. पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वर्षभर इथे नुसती वाचत होते, पहिलाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

तर झालंय असं की वर्गात प्रत्येकाला एकेक हल्लीचा फर्निचर डिझायनर दिलाय, त्याच्यावर कोणाकोणाचा प्रभाव पडला आणि त्याचं डिझाइनबद्दल म्हणणं काय, ह्यावर वीस मिनिटं बोलायचंय. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मैत्रिणीला पात्रिशिया उर्किओला आली, म्हणजे रंगच रंग, तिच्या स्लाइड्स आत्तापासूनच सुंदर दिसतायत. माझ्या चिठ्ठीत निघाला जास्पर मॉरिसन.

जन्म १९५९, लंडन, किंग्स्टन पॉलिटेक्निक, मग रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, १९८६ ला स्वतःचं ऑफिस, एवढी माहिती काढली. मग कामं बघायला घेतली आणि तिथेच गाडी अडली. बुचाचं स्टूल (बाटलीचं बूच असतं ना, तेच), एक प्लायची खुर्ची, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि कहर म्हणजे २००६ सालचं 'द क्रेट', जे अक्षरशः वाइनच्या बाटल्यांचं लाकडी खोकं आहे, आडवं न ठेवता उभं करायचं आणि पलंगाशेजारी ठेवायचं, झालं बेडसाइड टेबल. आमच्याकडे आजी आंब्याच्या पेट्या अशाच उभ्या करून त्यात चपला ठेवायची, तिचा फोटो कुठल्या पुस्तकात आला नाही.

खरं सांगते, मला ह्यात डिझाइन दिसतच नाहीये. 'सुपर नॉर्मल' (म्हणजे वस्तू इतकी साधी की तिच्याकडे लक्षच जाऊ नये) ह्या त्याच्या कल्पनेबद्दल वाचलं तर वाचताना पटतं आणि खुर्चीचा फोटो बघितला की परत शंका येते. सरांना विचारलं तर म्हणाले दिसत नाही तेच बघ. सरांचं हे नेहमीचं आहे.

हा माणूस एवढा मोठा का मानतात? आणि साधं काम आणि आळशी काम ह्यातला फरक ओळखायचा कसा? ही खुर्ची मी वर्गात दाखवली असती तर मला नापास केलं असतं हे नक्की.

सुतारपक्षी

पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो पण प्लायच्या खुर्चीचं नाव काढलंस म्हणून लिहितो.

मी कोल्हापूरकडे फर्निचरची कामं घेतो, बावीस वर्षं झाली. शिक्षण डिझाइनचं नाही, हातानं शिकलोय. चार-पाच वर्षांपूर्वी एका आर्किटेक्ट मॅडमनी मला ह्या मॉरिसनच्या प्लाय-चेअरचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या अशी एक करून बघा ना, माझ्या घरी ठेवते. मी फोटो बघितला आणि मनात म्हणलं हे तर दुपारच्या जेवणाच्या आधी होतंय. चार पाय, बसायला एक फळी, पाठीला एक फळी.

पहिल्या खुर्चीवर मी बसलो आणि बसायची फळी गेली. चूक माझीच. फोटोत ती फळी एवढी पातळ दिसत होती की मला वाटलं फोटोचाच घोळ असेल, तरी पण पातळच घेतली आणि ती पण कमर्शियल प्लाय, खाली आधार दिला तो सरळ पट्टीचा. दुसऱ्यांदा जाड घेतली तर मोडली नाही पण बसायला शाळेच्या बाकासारखी. मग मॅडमनी खालून काढलेला फोटो पाठवला. तेव्हा कळलं की बसायच्या पातळ फळीखाली आडव्या पट्ट्या आहेत त्या सरळ नाहीतच, मधे खोलगट वळवून कापलेल्या आहेत. म्हणजे माणूस बसला की फळी खाली वाकते, त्या पोकळीत जाते, पट्टीवर टेकते आणि थांबते. गादी नाही, स्प्रिंग नाही, गादीचं काम ती मधली हवा करते. मी अर्धा तास जमिनीवर पडून ती खुर्ची खालून बघत होतो, बायकोला वाटलं काहीतरी हरवलं.

नंतर वाचलं की १९८८ मध्ये बर्लिनला एका प्रदर्शनासाठी त्यानं ही केली तेव्हा त्याच्याकडे हत्यार म्हणून एक जिगसॉ (वळणं कापायची विजेची करवत) आणि जहाजांची ड्रॉइंग काढायला वापरतात ते वळणांचे साचे, एवढंच होतं. म्हणून सगळी खुर्ची सपाट प्लायमधनं कापलेली आहे, कुठेही प्लाय वाकवलेला नाही. जे हत्यार आहे त्याच्यात बसेल असं काम. हे मला पटतं कारण आम्ही रोज तेच करतो, फक्त आमच्याकडे कोण प्रदर्शन भरवत नाही.

तू आळशी म्हणालीस ना. आळशी माणूस वरची बाजू करतो आणि थांबतो. ही खुर्ची खालून बघ.

क्रेटबद्दल मात्र मी तुझ्या आजीच्या पार्टीत. लाकूड चांगलं वापरलंय, जोडणी नीट केलीय, सगळं मान्य, पण खोकं ते खोकंच. आणि किंमत बघितलीस का.

डायवाला_भोसरी

माझा धंदा इंजेक्शन मोल्डिंगचा, त्यामुळे प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजतो. खुर्च्या आम्ही करत नाही, गाड्यांचे पार्ट करतो, पण मशीन तेच, प्लास्टिकचा दाणा तोच.

ताई, आधी मांडवातली आपली खुर्ची घे. जिला सगळे नीलकमलची खुर्ची म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. एकाच डायमधनं (म्हणजे साच्यातनं) एकाच शॉटमधे अख्खी खुर्ची बाहेर येते, म्हणून तिला मोनोब्लॉक म्हणतात. पॉलिप्रॉपिलीन वितळवायचं, दाबानं डायमधे मारायचं, थंड करायचं, काढायचं, मिनिटभराचा खेळ. आता ती तशी का दिसते सांगतो. प्लास्टिक जाड ठेवलं तर थंड व्हायला वेळ लागतो, आतलं उशिरा आकसतं आणि वर खळगे पडतात, आम्ही त्याला सिंक मार्क म्हणतो. त्यामुळे भिंत सगळीकडे पातळ ठेवायची, तीन-साडेतीन एमएम. पण पातळ पाय वाकतो. म्हणून पायाला पन्हळीसारखा आकार द्यायचा, कडा दुमडायच्या, पाठीला भोकं आणि पट्ट्या. म्हणजे तिची ती ओळखीची सगळी नक्षी आहे ना, ती निम्मी पैसे वाचवायला आणि निम्मी ताकदीला आलेली आहे. सौंदर्यासाठी फारच थोडी.

आता मॉरिसनची एअर-चेअर, १९९९, इटलीच्या माजिस कंपनीसाठी. ती पण एकाच शॉटची. पण तिचे पाय गोल, भरीव पाइपासारखे दिसतात, पन्हळ नाही, दुमड नाही, खालून पोकळ नाही. आमच्या धंद्यातला कोणी बघेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल की एवढ्या जाड पायाला सिंक का नाही आला. तर तिथे गॅस आहे. डायमधे प्लास्टिक पूर्ण भरायचं नाही, थोडं कमी मारायचं आणि मग दाबाखाली नायट्रोजन सोडायचा, तो गॅस जाड भागात मधूनच वाट काढतो, गरम प्लास्टिक डायच्या भिंतीवर रेटून धरतो आणि आत पोकळी करतो. बाहेरून भरीव, आतून नळी. वजन कमी, माल कमी, खळगा नाही. नावातली 'एअर' ती ही.

ही टेक्निक मॉरिसननं शोधलेली नाही. त्यानं केलं काय, तर ह्या टेक्निकनं जे दाखवता आलं असतं ते दाखवलं नाही. कुठलाही डिझायनर म्हणाला असता नवीन टेक्निक हाताशी आहे, काहीतरी चमत्कारिक आकार काढू. ह्यानं लहान मुलानं काढावं तसं खुर्चीचं चित्र घेतलं, चार पाय, बसायचं, टेकायचं, आणि सगळी अक्कल पायाच्या आत गाडून टाकली. डाय करणाऱ्याला कळतं, बसणाऱ्याला फक्त एवढंच जाणवतं की ही हलत नाही.

वर सुतारदादांनी खालून बघ म्हणलंय, मी म्हणेन कापून बघ. :)

सुतारपक्षी

डायवाले, कडक. हे माहीत नव्हतं.

इराणी_चहा

दोन ओळी अवांतर. सुपर नॉर्मल काय ते समजून घ्यायचं तर आधी जुन्या इराणी हॉटेलात जाऊन बसावं, जेवढी उरलीत तेवढ्यात. ती वाकवलेल्या लाकडाची काळपट खुर्ची आपण हजार वेळा ओढून घेतली असेल, पण घरी येऊन कुणी सांगितलं का की आज काय सुंदर खुर्ची होती? बनमस्का कसा होता ते सांगतो. त्या खुर्चीचं मूळ थोनेट कंपनीची १४ नंबरची खुर्ची, १८५९ सालची, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुटी करून एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावायच्या. जगभर गेली ती तशी. वाफेवर लाकूड मऊ करून वाकवायचं, बास. दीडशे वर्षं झाली, कोणाला तिचा कंटाळा आला नाही कारण कोणी तिच्याकडे बघितलंच नाही.

थेम्सकाठी

लंडनमध्ये राहते, इंटीरियरच्या फर्ममध्ये नोकरी, मॉरिसन माझा आवडता त्यामुळे लांबण लागणार, आधीच माफी.

प्रभावांचं विचारलंयस तर सुरुवात त्याच्या आजोबांच्या खोलीपासून कर, कारण तो स्वतः तिथूनच करतो. लहानपणी आजोबांची एक अभ्यासाची खोली होती, बाकीच्या ब्रिटिश घरांसारखी जड पडदे-गालिचे-गडद लाकूड अशी नाही, तर मोकळी, उजेडाची, लाकडी जमीन, थोडं फर्निचर आणि ब्राउन कंपनीचा रेकॉर्ड प्लेअर. त्या खोलीत बरं वाटायचं, एवढंच. मोठेपणी त्याला कळलं की बरं वाटण्यामागे त्या खोलीतल्या वस्तू होत्या. म्हणजे बघ, वस्तू आवडली असं नाही म्हणत तो, खोलीत बरं वाटलं असं म्हणतो. त्याच्या सगळ्या विचारात 'वातावरण' हा शब्द सारखा येतो त्याचं मूळ इथे आहे, आणि तुझ्या प्रेझेंटेशनला धागा हवा असेल तर मी हाच धरेन.

मग विद्यार्थी असताना दोन गोष्टी. १९७९ मध्ये इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये फर्निचर डिझायनर आयलीन ग्रेचं प्रदर्शन बघितलं. आणि १९८१ मध्ये मिलानला मेंफिस ग्रुपचं पहिलं प्रदर्शन. मेंफिस म्हणजे इटालियन डिझायनर सोत्सास आणि मंडळी, झेब्र्याचे पट्टे, गुलाबी-पिवळा लॅमिनेट, वाकडी शेल्फं, तुझ्या मैत्रिणीला आवडेल असं. मॉरिसनला ते बघून किळसही आली आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही झालं, की अरे नियम मोडता येतात. लोकांना वाटतं हा मेंफिसच्या उलट्या टोकाचा माणूस, पण मला वाटतं मेंफिस नसतं तर हा इतका साधा व्हायला धजावला नसता. नियम मोडणं म्हणजे आरडाओरडाच करायला पाहिजे असं थोडंच आहे, सगळे ओरडत असताना गप्प बसणं हा पण नियम मोडणंच की.

सुरुवातीची कामं जरूर दाखव, त्यात त्याची गंमत कळते. १९८३ चं हँडलबार टेबल, सायकलची हँडलं एकत्र बांधून त्यावर गोल काच. १९८४ चं फ्लॉवरपॉट टेबल, आपल्या मातीच्या कुंड्या एकावर एक रचल्या आणि वर काच. तयार वस्तू घ्यायची आणि तिला दुसऱ्या कामाला लावायची. त्यामुळे क्रेट आभाळातून पडलेलं नाही, बावीस वर्षांपूर्वीच्या कुंड्यांच्या टेबलाचं ते धाकटं भावंड आहे.

आणि थिंकिंग मॅन्स चेअरचा किस्सा तर सांगच. लोखंडी पट्ट्या-नळ्यांची आरामखुर्ची, हातांच्या टोकाला दोन छोट्या गोल चकत्या, ग्लास ठेवायला. म्हणून नाव ठेवलं होतं ड्रिंकिंग मॅन्स चेअर. मग एकदा पाइप साफ करायच्या काड्यांचं पाकीट घेतलं, त्यावर 'थिंकिंग मॅन्स स्मोक' असं काहीसं छापलेलं, ते वाचून पिणाऱ्याचा विचार करणारा केला. आणि सळ्यांची मापं आहेत ना, ती खुर्चीवरच लिहिलेली ठेवली, नक्षी म्हणून. आपल्याकडे कोकणातल्या जुन्या घरांत लांब हातांची आरामखुर्ची असते, तिच्या हातावर आजोबा चहाचा कप ठेवायचे, पाय पसरायचे, ते आठवून मला ही खुर्ची कधी परकी वाटलीच नाही.

अजून एक, त्याला बोलायचा कंटाळा. १९८८ मध्ये व्याख्यान द्यायचं होतं तर त्यानं बोलण्याऐवजी आवडलेल्या चित्रांची स्लाइड-मालिका केली आणि एक शब्द न बोलता ती दाखवली. पुढे त्याचं छोटं पुस्तक झालं, अ वर्ल्ड विदाउट वर्ड्स. (तू हा प्रयोग करू नकोस, मार्क जातील.)

आता सुपर नॉर्मल. २००५ च्या मिलानच्या फर्निचर मेळ्यात जपानचा नाओतो फुकासावा ह्याची अॅल्युमिनियमची स्टुलं मांडली होती, देजा-व्हू नावाची, माजिसचीच. लोक आले, दमलेले होते, त्या स्टुलांवर बसले, पाय मोकळे केले आणि पुढे गेले. कोणी बघितलंच नाही की हे प्रदर्शनातलं नवीन डिझाइन आहे. फुकासावा खट्टू झाला. मॉरिसनचं म्हणणं पडलं की अरे हेच तर जमलंय तुला. त्यातून पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, दोघांनी टोकियोला दोनशेच्या वर वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. त्यात नावाजलेल्या डिझायनरांच्या वस्तू होत्या आणि ज्यांचा कर्ता कोणालाच माहीत नाही अशा पण, शेजारी-शेजारी.

मॉरिसन ह्यावर त्याच्या घरातल्या ग्लासांची गोष्ट सांगतो. भंगाराच्या दुकानात जुने हातानं फुंकलेले जाडसर वाइनचे ग्लास मिळाले, आकार आवडला म्हणून घेतले. वापरता वापरता लक्षात आलं की दुसरे ग्लास मांडले की टेबलावर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि हे मांडले की परत बरं वाटतं. बरं, ह्या ग्लासांत ओढून घेणारं काहीच नाही. हे तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर, साधं आणि आळशी ह्यातला फरक फोटोत कळत नाही, दुकानात पण कळत नाही, वस्तू घरी आणून सहा महिने झाले की कळतो. आणि म्हणून तुला स्लाइड करताना त्रास होतोय, दोष तुझा नाही.

त्याचं इथे शोरडिचमध्ये किंग्जलँड रोडवर स्टुडिओला लागून एक छोटं दुकान, मी काही वर्षांपूर्वी गेले होते. आत त्याच्या वस्तूंच्या जोडीला ब्रश, कात्र्या, काचेची भांडी, असल्या त्याला आवडलेल्या साध्या वस्तू. मी अर्धा तास घालवून एक भांडी घासायचा ब्रश घेतला. नवरा अजून हसतो. ब्रश अजून आहे.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं वाचलं, मजा आली, पण एक खडा टाकतोच.

हे सगळं साधेपणाचं कौतुक ज्यांच्या घरात वस्तूंचा पूर आहे त्यांना सुचतं बाप्पा. युरोपातल्या माणसाला खोकं ठेवून शांत वाटतं कारण त्याला खोकं ठेवायची गरज नाही. आमच्या गावात जिच्या घरी पेटी उभी करून मांडणी केलीय तिला विचारा, तिला नक्षीचं शोकेस पाहिजे. ती काही मूर्ख नाही. साधेपणा परवडायला पण ऐपत लागते.

आणि दुसरं म्हणजे पोरीला डिझायनर बदलता येत असेल तर आपल्या वाशिमचा घ्यावा की! सत्येंद्र पाखले, जन्म वाशिमचा, १९६७. आयआयटी मुंबईच्या आयडीसी ह्या डिझाइनच्या शाळेत शिकला, मग स्वित्झर्लंड, मग फिलिप्समधे नोकरी, आणि १९९८ पासून अॅम्स्टरडॅमला स्वतःचा स्टुडिओ. त्याची बी.एम. हॉर्स चेअर बघा. बी.एम. म्हणजे बेल मेटल, आपलं कांसं. मध्य भारतात आदिवासी कारागीर मेण गाळून ओतकाम करतात ना, आधी मातीचा गाभा, त्याच्यावर मेणाचा थर, त्याच्यावर परत माती, भाजलं की मेण वितळून जातं आणि त्या जागेत धातू ओततात, तीच रीत. मूर्ती वीतभर-हातभर होते, ह्या गड्यानं त्या रीतीनं माणूस बसेल एवढी खुर्ची ओतायची ठरवली आणि ती जमवायला वर्षं घातली. घोड्यासारखी दिसते. कोणी तिच्यावर नकळत बसून पुढं जाणार नाही, हे नक्की. त्यानंच इटलीच्या कंपनीसाठी खोली गरम ठेवायचे रेडिएटर पण केलेत, तुकड्याला तुकडा जोडत जायचं, खोलीत पडद्यासारखं उभं राहतं. गरम करायचं यंत्र लपवायचं सोडून त्यानं मिरवलं.

मला म्हणायचं हे की वस्तूनं गप्प बसावं हा एक विचार झाला, वस्तूनं बोलावं, कुठून आली ते सांगावं, हा पण विचारच आहे. आपल्याकडे तर देवळाच्या घंटेपासून अडकित्त्यापर्यंत सगळं बोलतं. अडकित्त्याला मोर कशाला पाहिजे होता? सुपारी बिनमोराच्या अडकित्त्यानं पण कातरली जाते.

थेम्सकाठी

ठेचासाहेब, खडा बरोबर लागला, पाखलेंचं काम मलाही आवडतं. पण ऐपतीच्या मुद्द्यावर अर्धंच सहमत. तांब्याचं काय करणार? चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल देताना भारतात बघितलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वात सुंदर म्हणून लोटा निवडून बसलं. तो काही श्रीमंताच्या बंगल्यातला नव्हता. एका कोणी तो डिझाइन केलेला नाही, पिढ्यान् पिढ्या माणसं पाणी भरत, कडेवर-डोक्यावर नेत, ओतत, घासत राहिली आणि तो तसा होत गेला. मॉरिसननं पण नंतर लिस्बनच्या वस्तुसंग्रहालयातल्या पोर्तुगालच्या शेतकऱ्यांच्या-मेंढपाळांच्या वस्तूंवर एक अख्खं पुस्तक केलं, द हार्ड लाइफ, ती गरिबांचीच अवजारं आहेत. फरक इतकाच की...

वऱ्हाडी_ठेचा

फरक इतकाच की पुस्तक मेंढपाळाला परवडत नाही. :D

थेम्सकाठी

हो. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

डायवाला_भोसरी

ठेचा भाऊंच्या मुद्द्याला धरून एक गोष्ट. मोनोब्लॉक खुर्ची जगातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी खुर्ची असेल कदाचित, आणि ती खरोखर गरिबाला परवडते, एअर-चेअर परवडत नाही. मग जास्त सुपर नॉर्मल कोण? नॉर्मल म्हणायचं तर आपलीच जिंकते. पण आपल्या खुर्चीचे पाय उन्हात दोन वर्षं राहिले की पांढरट पडतात, मग पाहुणा टेकला की पाय फाकतो आणि सगळं लग्न हसतं. हे टाळता येतं, मालात यूव्हीचं औषध थोडं जास्त, भिंत थोडी जाड. किलोमागे थोडेच पैसे वाढतात. पण ते थोडे पैसे कोणी वाढवत नाही कारण गिऱ्हाईक खुर्ची हातात धरून बघतं आणि दहा रुपये स्वस्त असेल ती घेतं, उन्हाचा हिशोब दुकानात होत नाही. थेम्सताईंचं सहा महिन्यांचं बोलणं मला तिथे पटलं. आमच्या धंद्यात ते दोन वर्षांचं आहे.

सुतारपक्षी

अडकित्त्यावरच्या मोराबद्दल. मोर उगाच नसतो ओ. काही अडकित्त्यांत त्या मोराच्या पोटाच्या फुगवट्यावरच अंगठा बसतो. कोणी काढलेला मोर चांगला आणि कोणी काढलेला वाईट हे दाबताना कळतं, बघताना नाही.

वऱ्हाडी_ठेचा

घ्या, सुतारानं दोघांनाही हाणलं.

कोरी_वही

बापरे, कॉलेजातून आले तर एवढं सगळं!! सगळ्यांना खूप खूप थँक्यू, सुतारदादा, डायवाले काका, थेम्सताई, ठेचादादा, इराणी चहावाले काका (की आजोबा?).

आज एक केलं. आमच्या मॉडेलच्या वर्कशॉपमधे एक जुनी प्लायची खुर्ची आहे, मॉरिसनची नाही, कोणाचीच नाही, सगळे तिच्यावरच बसतात. बाकीच्या चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी आधी तीच जाते, हे मला दोन वर्षांत आज पहिल्यांदा लक्षात आलं. उलटी करून बघितली. खाली आडवी पट्टी आहे, ती मधे घासून खोलगट केलेली आहे, पटाशीच्या खुणा दिसतायत. वर्कशॉपच्या मामांना विचारलं कोणी केली, म्हणाले माझ्या आधीपासून आहे.

तर आता असं ठरवलंय की पहिल्या स्लाइडवर त्या खुर्चीचा खालचा फोटो, नाव न सांगता. मग आजोबांची खोली, मेंफिस, कुंड्यांचं टेबल. प्लाय-चेअर आणि एअर-चेअर सविस्तर, बाकी झटपट, १९९७ ची हॅनोव्हरची ट्राम पण एका स्लाइडवर, कारण लोकांना वाटतं तो फक्त खुर्च्याच करतो. आणि शेवटी क्रेट, त्यावर ठेचादादांचा प्रश्न जसाच्या तसा विचारणार, उत्तर मला अजून माहीत नाही. ठेचादादा, सरांना पाखलेंबद्दल विचारलं, चिठ्ठी बदलून देत नाहीत, पण पुढच्या सेमला घ्या म्हणाले.

डायवाले काका, एक विनंती होती. गॅसवाला पार्ट कापलेला कुठे बघायला मिळेल का? यूट्यूबवर अॅनिमेशन आहेत पण खरा हातात घ्यायचाय.

डायवाला_भोसरी

गॅस असिस्टचं एक मशीन आमच्याकडेच आहे, गाडीच्या दाराची हँडलं काढतो त्याच्यावर. रिजेक्ट माल भरपूर पडलेला असतो, आडवा-उभा कसा पाहिजे तसा कापून देतो. पोकळी कुठे नीट गेलीय आणि कुठे फुटलीय दोन्ही दाखवतो, फुटलेलं जास्त कळतं. मेसेज कर. फक्त गुरुवारी येऊ नकोस, आमच्या भागात सुट्टी असते. बंद बूट घालून ये, चप्पल चालत नाही शॉपवर.

सुतारपक्षी

आणि त्या वर्कशॉपच्या खुर्चीच्या पट्टीचा फोटो इथे पण टाक. पटाशी कुठल्या बाजूनं चालवलीय ते बघायचंय.